बाळ छान आहे. तू कशी आहेस?

प्रसूतीनंतर दीड महिन्याने बाळंतीण तपासणीला येते, तेव्हा आमच्या ओपीडीला घरगुती कार्यक्रमाचं स्वरूप येतं. बाळाच्या डोळ्यांत काजळ, गालावर तीट, डोक्याला कुंची आणि सोबत दोन्हीकडच्या आज्या. सगळ्या एकदम बोलत असतात. "वजन भरतंय ना हो मॅडम?" "दूध पुरतं का याला? सारखं रडतं." "दिवसा झोपतं आणि रात्री जागवतं." मी बाळाचं वजन बघते, नाळेची जागा बघते, लसींचं कार्ड बघते, काजळावरून आजीला थोडं रागावते. मग बाळाच्या आईकडे वळते. टाके भरले का, अंगावरून जाणं थांबलं का, बीपी किती, पाळणा लांबवायचं काय ठरवलंय. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देते. दहा मिनिटांत काम संपतं.

या दहा मिनिटांत एक प्रश्न मी कितीतरी वर्षं विचारलाच नाही. तो न विचारल्यामुळे काय घडता घडता राहिलं, ते आज सांगायचं आहे. गोष्ट माझ्या एका पेशंटची आहे आणि माझ्या चुकीचीही आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पहिलटकरीण होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. नवरा दूरच्या शहरात कारखान्यात कामाला, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. सातव्या महिन्यात ती तपासणीची तारीख नसताना एकटीच आली. "मॅडम, झोप लागत नाही. छातीत धडधडतं. रात्री तीनला जाग येते आणि मग सकाळपर्यंत नुसते विचार." मी बीपी बघितलं. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासलं. ईसीजी काढला. सगळं ठीक होतं. मग तिला बाळाचे ठोके ऐकवले आणि म्हणाले, "बघ, कसा घोडा पळतोय! पहिली वेळ आहे, होतं असं. चांगली पुस्तकं वाच, आनंदात राहा. तू रडत बसलीस तर बाळही रडकं होईल."

शेवटचं वाक्य मी खरोखर म्हणाले होते. आज लिहिताना लाज वाटते. ती आपली काळजी घेऊन माझ्याकडे आली होती आणि मी त्यात आणखी एका काळजीची भर घालून तिला परत पाठवलं.

बाळंतपण नॉर्मल झालं. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. दीड महिन्याने ती आईबरोबर दाखवायला आली. मी तिला तपासत असताना बाळ जोरात रडायला लागलं. आजी उठली, तिने बाळाला खांद्यावर घेतलं. ही मात्र टेबलावर छताकडे बघत तशीच पडून राहिली. मला ते दिसलं होतं. पण 'दमली असेल' असं मी मनाशी म्हटलं. तिची आई म्हणाली, "ही बाळाला अंघोळ घालत नाही. मी घालते तेव्हा दाराबाहेर उभी राहून रडते. जवळ घ्यायलासुद्धा घाबरते." मी हसले. "पहिलंच आहे ना, शिकेल हळूहळू. नशीबवान आहेस गं. इतकी गोड मुलगी, आई हाताशी. अजून काय पाहिजे?"

"हो मॅडम," ती म्हणाली.

बाळ अडीच महिन्यांचं असताना एका पहाटे तिच्या भावाचा फोन आला. ती घरात नव्हती. बाळ आजीच्या कुशीत झोपलेलं होतं. उशाशी त्याची दुपटी, झबली नीट घड्या करून ठेवलेली होती. दोन तासांनी ती एसटी स्टँडवर सापडली. पायात चप्पल नव्हती. कँटीनवाल्याने चेहऱ्यावरून ओळखलं आणि घरी फोन केला. भाऊ तिला तसाच माझ्याकडे घेऊन आला.

त्या दिवशी मी दार बंद केलं आणि पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला काय होतंय?"

ती पाऊण तास बोलत होती. "सगळे म्हणतात बाळ गोड आहे. मला काहीच वाटत नाही. नुसती भीती वाटते. बाळ माझ्या हातून पडेल, पाण्यात बुडेल. विळी दिसली तरी नको नको ते मनात येतं. मी तसं करणार नाही मॅडम, पण मनात येतंच कसं? मी दुष्ट आहे का? मी लांब गेले तर ती तरी सुखरूप राहील. पहिली मिळेल त्या गाडीत बसणार होते. गाडी नसती मिळाली तर..." ती थांबली. मी सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटला का?" तिने मान हलवली आणि पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

"हे सगळं कधीपासून होतंय?"

"सातव्या महिन्यापासून. मी सांगायला आले होते की तुम्हाला."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पण मी तेव्हा अशी का वागले, याचा विचार मात्र पुष्कळ केला आहे.

कारण माझ्या स्वतःच्या बाळंतपणात आहे. तिसऱ्या दिवशी मला विनाकारण रडू यायला लागलं. पान्हा नीट फुटेना म्हणून रडले, पेल्यातलं दूध गार झालं म्हणून रडले, नवरा भेटायला आला म्हणून रडले आणि तो परत निघाला म्हणूनही रडले. मी डॉक्टर, हा धडा परीक्षेसाठी पाठ केलेला, तरी काय चाललंय ते कळेना. कुणाला सांगितलंही नाही. दहा-बारा दिवसांत सगळं आपोआप थांबलं. तेव्हापासून 'होतं असं, जातं निघून' हा माझा ठेवणीतला सल्ला झाला. मला झालेलं दुखणं हलकं होतं. तेच माप मी बाकी सगळ्यांना लावत राहिले.

म्हणून आधी फरक समजून घेऊ.

मला झालं होतं त्याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. ते निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतं. वार बाहेर पडली की गरोदरपणात खूप वाढलेले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन काही दिवसांत झपाट्याने खाली येतात. त्यात कळांचा थकवा, टाके, जागरण. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रडू, चिडचिड, हळवेपणा सुरू होतो. मध्येच हसूही येतं. दोन आठवड्यांच्या आत हे सरतं. याला औषध लागत नाही. झोप, गरम जेवण आणि पाठीवरून फिरणारा हात एवढं पुरतं.

तिला झालं होतं तो आजार होता. नैराश्य आणि त्याच्या जोडीला अतिचिंता. हा आजार दोन आठवड्यांत जात नाही. मन सतत उदास असतं किंवा काहीच वाटेनासं होतं. बाळ झोपलं तरी आईला झोप लागत नाही, ही फार महत्त्वाची खूण आहे. भूक जाते. 'मी वाईट आई आहे' हे मनात घर करून बसतं. कुणाला सतत धास्ती वाटते, बाळाचा श्वास चालू आहे ना हे रात्रीतून वीस वेळा उठून बघितलं जातं. कुणाच्या मनात बाळाला इजा होण्याचे नकोसे विचार वारंवार येतात. असे विचार त्या आईलाच सर्वांत जास्त छळतात. ती त्यांना घाबरते, म्हणूनच बाळाला जवळ घेत नाही. बघणाऱ्यांना मात्र वाटतं, हिला माया नाही.

तिसरा प्रकार विरळा आहे. हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना होतो, पण अतिशय गंभीर असतो. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच बाळंतीण असंबद्ध बोलू लागते, झोपतच नाही, कानात आवाज येतात, बाळ बदललं आहे किंवा बाळात काही दैवी किंवा अभद्र शिरलं आहे असं तिला ठामपणे वाटतं. ज्यांना आधी बायपोलर आजार होता, त्यांना हा धोका जास्त असतो. इथे मुळीच वाट बघायची नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यायचं आणि तोवर आई-बाळाला एकटं सोडायचं नाही. आपल्याकडे अशा वेळी 'बाहेरचं झालं' म्हणून आधी अंगारा, उतारा, मग देवऋषी असा प्रवास होतो आणि त्यात मोलाचे दिवस निघून जातात.

हे 'शहरी बायकांचे लाड' आहेत, असं मला अनेकदा ऐकवलं जातं. ते खरं नाही. आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात २७० गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. पुढे २०१७ साली भारतभरातले ३८ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही आकडा २२ टक्क्यांच्या आसपास आला. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक.

गोव्याच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली आहे. बाळंतपणानंतर ज्यांना नैराश्य आढळलं, त्यांच्यापैकी ७८ टक्के स्त्रिया गरोदर असतानाच मनाने आजारी होत्या. म्हणजे आजार बाळंतपणानंतर आकाशातून पडला नव्हता. तो आधीच दारात उभा होता. माझी पेशंट तर तो स्वतः घेऊन माझ्या दारात आली होती.

कुणाला होतो हा आजार? कुणालाही. पण काही जणींना धोका जास्त. आधी कधी नैराश्य आलेलं असेल, घरात पैशांची ओढाताण असेल, नवऱ्याशी पटत नसेल, मारहाण होत असेल, मूल नको असताना दिवस गेले असतील, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, आधीचं बाळ गेलं असेल. गोव्याच्या अभ्यासात गरिबी आणि नवरा-बायकोतले बिघडलेले संबंध ही मोठी कारणं निघाली. बाळ मुलगा की मुलगी, याचाही परिणाम दिसला. बारशाला 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणणारी माणसं मागे वळून 'पुढच्या वेळी होईल मुलगा' म्हणतात. ते बाळंतिणीला ऐकू जातं. माझ्या पेशंटलाही गेलं होतं.

शरीराची कारणंही शोधावी लागतात. बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलेलं असू शकतं, रक्त कमी असू शकतं. त्या तपासण्या जरूर करायच्या. पण त्या नॉर्मल आल्या म्हणजे 'तुला काही झालेलं नाही' असं म्हणायचं नाही. माझी चूक नेमकी तिथेच झाली.

पुढचं सांगते. त्याच दिवशी आम्ही तिला जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिच्या आईने हळूच विचारलं, "आता अंगावरचं बंद करायचं का?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतील अशी नैराश्यावरची औषधं आहेत. सरट्रालिनसारखं औषध आईच्या दुधात फारच कमी प्रमाणात उतरतं. तिला तेच सुरू झालं आणि बाळ अंगावर पीत राहिलं. कोणतं औषध, किती, हे मात्र डॉक्टरनेच ठरवायचं. आणि ज्यांची मानसिक आजाराची औषधं आधीपासून चालू आहेत, त्यांनी दिवस गेले म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. व्हॅल्प्रोएटसारखं एखादं औषध पोटातल्या बाळाला घातक असतं, ते बदलावं लागतं. म्हणून शक्यतो मूल हवं असं ठरवतानाच डॉक्टरांशी बोलावं.

सगळ्यांना औषध लागतंच असं नाही. आजार सौम्य असेल तर समुपदेशन, म्हणजे पद्धतशीर बोलणं, पुरेसं होतं. ते फक्त मोठ्या शहरातच मिळतं असंही नाही. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात तिथल्या आरोग्यसेविकांना शिकवून घरोघरी गरोदर स्त्रियांशी आणि नंतर बाळंतिणींशी बोलायला पाठवलं. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा अशी मदत मिळालेल्या स्त्रियांत २३ टक्के जणींना नैराश्य उरलं होतं, इतरांत ५३ टक्के जणींना. आपल्या आशाताईंसारख्याच या बायका. नीट शिकून, नेमाने येऊन बोललं की एवढा फरक पडतो.

तिच्या बाबतीत औषध, समुपदेशन आणि घरच्यांची मदत, तिन्ही लागलं. मी नवऱ्याला बोलावून घेतलं. तो बिचारा भांबावला होता. "मॅडम, मी काय करू?" त्याला कामं वाटून दिली. महिनाभर रजा काढ. रात्रीचं एक पाजणं झालं की बाळ तू घे, तिला सलग चार-पाच तास झोपू दे. गोळ्या तुझ्या ताब्यात ठेव आणि वेळेवर दे. 'मन घट्ट कर', 'बाळाकडे बघून तरी हस' असलं काही म्हणू नकोस आणि कुणाला म्हणू देऊ नकोस. तिने काही सांगितलं तर उपाय सुचवू नकोस, नुसतं ऐक. त्याने हे सगळं वहीत लिहून घेतलं. सासूबाईंनी आधी कुरकूर केली, "आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत?" मग एक दिवस त्याच म्हणाल्या, "माझंही दुसऱ्या वेळी असंच झालं होतं. शेतातल्या विहिरीपर्यंत जाऊन परत आले होते. कुणाला सांगणार?" चाळीस वर्षं त्यांनी ते मनात ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी ती झोपू लागली. दोन-अडीच महिन्यांनी एकदा दाखवायला आली, तेव्हा बाळ तिच्याच मांडीवर होतं. बाळाने माझ्या स्टेथोस्कोपला हात घातला तर ही हसली. औषध वर्षभर चाललं, मग डॉक्टरांनी हळूहळू कमी करून थांबवलं.

चार वर्षांनी ती दुसऱ्या वेळी मूल हवं म्हणून सल्ला घ्यायला आली. एकदा असं झालं की पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हे तिला माहीत होतं. "या वेळी मी सांगेन, तुम्ही पण विचारा," ती म्हणाली. आठव्या महिन्यात तिची झोप पुन्हा उडाली. या वेळी ती आठवडाभरात आली आणि आम्ही लगेच उपचार सुरू केले. मुलगा आता दोन वर्षांचा आहे. त्याला अंघोळ तीच घालायची, पहिल्या दिवसापासून.

तिच्यामुळे माझी ओपीडी बदलली. आता गरोदर स्त्रीला आणि बाळंतिणीला मी थोडा वेळ एकटीला भेटते. बाळाचं वजन करायचं निमित्त करून आज्यांना सिस्टरबरोबर बाहेर पाठवते. मग विचारते: गेल्या महिनाभरात सारखं उदास, निराश वाटत होतं का? एरवी ज्यात रस वाटायचा, त्यात वाटेनासा झालाय का? काळजी थांबतच नाही असं होतं का? यातल्या एकालाही 'हो' आलं की दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेते. १९८७ साली ब्रिटनमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली एडिंबरा शहराच्या नावाने ओळखली जाते. ती भरायला पाच मिनिटं लागतात. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारायला मी पूर्वी कचरायचे. असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरत नाही. असलेला विचार बाहेर यायला वाट मिळते, हे मी त्या पहाटे पाहिलं.

तुम्ही गरोदर असाल किंवा बाळंतीण असाल आणि हे वाचताना 'हे तर माझंच' असं वाटलं असेल, तर एवढंच सांगते: तुम्ही वाईट आई नाही. हा आजार आहे आणि तो बरा होतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं वाटत असेल तर तुमच्या डॉक्टरांना, आशाताईंना, घरातल्या एका तरी माणसाला सांगा. पहिल्याने उडवून लावलं, माझ्यासारखं, तर दुसऱ्याला सांगा. बाळाबद्दल मनात येणारे भीतीदायक विचारसुद्धा सांगा. ते सांगितलं की बाळ काढून घेतील, ही भीती सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आई दाखल असली तरी तीन वर्षांखालचं मूल एरवी तिच्यापासून वेगळं करायचं नसतं, बाळाला धोका असेल तरच तात्पुरतं करावं लागतं. जीव द्यावासा वाटत असेल तर थांबू नका. जवळच्या माणसाला लगेच उठवा, रुग्णालयात जा. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. तिथे मराठीतून बोलता येतं.

आणि तुमच्या घरात बाळंतीण असेल, तर बाळाला बघायला जाताना झबलं-टोपडं जरूर न्या. बाळ कुणासारखं दिसतं, यावर वादही घाला. मग जरा वेळ तिच्या शेजारी बसा. "बाळ छान आहे. तू कशी आहेस?" असं विचारा. आणि ती पटकन "बरी आहे" म्हणाली, तर लगेच उठू नका.